घरगाडीला पुरेल एवढाच

मित्रांनो, पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात, योगराज नानांच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली एक लाल रंगाची, एका बाजूने पोचा पडलेली पेटी दिसते. तो मी. मी एक जुना जनरेटर आहे. माझ्या अंगावर एक पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्यावर 'दोन केव्हीए' अशी माझी ताकद कोरलेली आहे. आता अक्षरे पुसट झाली आहेत. पण माझे सगळे आयुष्य त्या एका आकड्याभोवती फिरले, म्हणून तो तुम्हांला आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी शेकडो भावंडे रांगेत उभी होती. काही माझ्यापेक्षा तिप्पट मोठी होती, तर काही एका हाताने उचलता येतील इतकी लहान. कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली. कोणी किती ओझे ओढायचे ते तिच्यात लिहिले होते. माझी पुस्तिका फार लोकांनी वाचली नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतले ते धुळ्याच्या गिरधरभाऊंनी. त्यांचा मंडपाचा व्यवसाय होता. माणूस वाईट नव्हता, कष्टाळू होता. पहिल्या लग्नात त्यांनी माझ्यावर फक्त दिव्यांच्या माळा आणि दोन पंखे लावले. मी रात्रभर न थांबता चाललो. गिरधरभाऊंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हाऊ तं लहाना पहिलवान शे!"

ती थाप मला फार आवडली, आणि तिथूनच माझे दिवस फिरले. पहिलवान म्हटल्यावर ओझे वाढत गेले. आधी भोंगे आले, मग मोठे झगझगीत दिवे, मग उसाच्या रसाच्या यंत्राची मोटर. प्रत्येक वेळी मी कण्हत का होईना, चालत राहिलो. एका हळदीच्या दिवशी त्यांनी माझ्यावर पाण्याचा पंपही जोडला. माझ्या पोटातली तांब्याची तार तापली, तिचा लेप वितळला आणि जळका वास सगळ्या मांडवात पसरला. वरबापाने गिरधरभाऊंना खूप बोल लावले. तेव्हा ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाव मोठं न् लक्षण खोटं."

मित्रांनो, ज्या तोंडाने कौतुक केले, त्याच तोंडाने ते शब्द आले. मला एवढेच सांगायचे होते की, नाव मी ठेवले नव्हते. माझ्या पट्टीवर माझा खरा आकडा लिहिलेला होता. पण मला बोलता कुठे येते!

गिरधरभाऊंनी मला झुलालभाऊंच्या गॅरेजात टाकले. झुलालभाऊ धुळ्यात गाड्यांच्या बॉड्या बांधत आणि इंजिने दुरुस्त करत. त्यांनी माझी जळालेली तार काढून नवी भरली, धूर बाहेर फेकणारी नळी बदलली आणि मला चालू करून पाहिले. मी नीट चालत होतो. पण गिरधरभाऊंनी तोवर दुसरा, मोठा जनरेटर घेतला होता. मला न्यायला कोणी आले नाही. मी दीड वर्ष एका कोपऱ्यात टायरांच्या ढिगाशेजारी पडून राहिलो.

एके दिवशी सकाळी गॅरेजच्या फाटकातून एक जुनी मिनीबस आत आली. ती पूर्वी शाळेची गाडी होती. पिवळ्या रंगावर कोणीतरी हाताने फिकट निळा रंग दिला होता. तिच्यातून एक उंच, काटक म्हातारे गृहस्थ उतरले. ते जीवराम आबा. चौतीस वर्षे त्यांनी एसटी चालवली होती. जळगाव ते सुरत हा त्यांचा कायमचा रस्ता. त्यांच्यामागून त्यांची मुलगी मोहिनीताई उतरली. ती धुळ्याच्या आयटीआयमध्ये वीजकाम शिकवत असे. दोघांनी मिळून एका बाईंना आधार देऊन खाली उतरवले. त्या कुंदाबाई.

कुंदाबाई चार पावले चालल्या आणि थांबल्या. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बावीस वर्षे त्या जळगावच्या डाळमिलमध्ये चाळणीवर उभ्या राहिल्या होत्या. डाळीचा बारीक भुकटा त्यांच्या छातीत बसला होता. आता त्यांना दिवसातले कित्येक तास एका यंत्रातून प्राणवायू घ्यावा लागे. ते यंत्र विजेवर चालत असे. वीज गेली की ते गप्प, आणि ते गप्प झाले की कुंदाबाईंचे ओठ निळे पडत.

झुलालभाऊंनी खुर्ची पुढे केली आणि विचारले, "आबा, ह्या गाडीनं काय करनं शे?"

"घर करायचं हाये," आबा म्हणाले. "चाकावरचं घर. इले तापी दाखवायची हाये, अख्खी."

मग त्यांनी सगळे सांगितले. कुंदाबाईंचे माहेर यावल तालुक्यात, तापीच्या काठावर. लहानपणी त्या नदीवर धुणे धूत आणि वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहत बसत. पुढे लग्न झाले, डाळमिल आली, मुलगी झाली. आबा रोज लोकांना सुरतेला नेत राहिले, पण कुंदाबाई कधी धुळ्याच्या पलीकडे गेल्या नाहीत. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात त्या महिनाभर दवाखान्यात होत्या. तिथे पडल्या पडल्या त्यांनी नवऱ्याला विचारले होते, "अहो, आपली नदी सरते कुठी, ते तुमी रोज पाह्यलं. कसं दिसतं तठी?" पण आबांनी चौतीस वर्षांत फक्त रस्ता पाहिला होता.

डॉक्टरांनी सांगितले होते की, पावसाळ्यातली दमट हवा त्यांना सोसणार नाही आणि पुढचा हिवाळा कोणी सांगावा. निघायचे तर आत्ताच. चैत्र सुरू होता.

आबा गॅरेजात फिरले आणि साडेसात केव्हीएच्या एका मोठ्या जनरेटरसमोर उभे राहिले. तो नवा होता, हिरवागार, माझ्या तिप्पट. आबांनी त्याच्यावरून हात फिरवला. "हाच बरा. मोठं इंजिन थकत नाही. माह्या गाडीनं मले हेच शिकवलं."

मी टायरांमागून पाहत होतो. मला काही आशा नव्हती.

मोहिनीताईने पिशवीतून वही काढली. "आबा, आधी गाडीत काय काय चालणार ते लिहू. जनरेटर मग निवडू." ती आईकडे वळली. "आई, तुला गाडीत काय काय पाहिजे?"

कुंदाबाई म्हणाल्या, "माह्यं यंत्र. आन एक दिवा. बाकी तुमचं."

मोहिनीताईने लिहायला सुरुवात केली. प्राणवायूचे यंत्र साडेतीनशे वॅट. औषधे आणि दूध ठेवायला छोटा फ्रिज, शंभर. कूलर, एकशे ऐंशी. पंखा, दिवे, मोबाइल मिळून सव्वाशे. तिने बेरीज केली, ती साडेसातशेच्या आसपास आली. मग ती वडिलांना समजावू लागली. "ही झाली चालतानाची भूक. पण फ्रिजसारखी मोटरची वस्तू सुरू होताना एक झटका मारते. त्या क्षणी तिला चार-पाच पट वीज लागते. म्हणून सगळ्यांत मोठ्या झटक्याची जागा धरायची, पाचशे. झाले साडेबाराशे. वर थोडी मोकळीक ठेवायची, कारण जनरेटर कायम शेवटच्या दमावर पळवायचा नसतो. म्हणजे सोळाशे वॅट. दोन केव्हीएचा जनरेटर एवढं आरामात देतो."

"मग मोठा घेतला तर बिघडलं काय? शिल्लक राहीन," आबा म्हणाले.

यावर झुलालभाऊ हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "आबा, बठ्ठी शिल्लक काय कामनी? तेवढ्या मोठ्या इंजिनले थोडंसंच काम दिधं तं ते आतून काजळी धरस. वजन गाडीना मांगे पडस. डिझेल पेस. आनि आवाज तं ऐका."

त्यांनी मोठा जनरेटर सुरू केला. गॅरेजचे पत्रे थरथरले. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. धूर त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच त्यांना खोकल्याची उबळ आली होती. झुलालभाऊंनी घाईने तो बंद केला. मग त्यांनी टायर बाजूला केले, माझ्यावरची धूळ पुसली, पेट्रोल घातले आणि माझी दोरी ओढली. दीड वर्षाने मी बोललो. माझा आवाज फार मोठा नव्हता.

कुंदाबाईंनी पदर खाली घेतला. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "हा चालीन. याच्या शेजारी बसून बोलता येते."

झुलालभाऊंनी माझी गोष्ट लपवली नाही. मी एकदा जळालो होतो आणि का जळालो होतो, ते त्यांनी सांगितले. "हाऊ लहान शे, पन इमानदार शे. जास्ती वझं टाकं तं बठ्ठं बंद पडी जाई, हाई ध्यानमा ठेवा."

अशा रीतीने माझी निवड झाली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आधी काम मोजले होते आणि मग मला हाक मारली होती.

झुलालभाऊंनी गाडीच्या मागच्या बाजूला, घराच्या भिंतीबाहेर, माझ्यासाठी जाळीचा कप्पा बांधला. माझी धुराची नळी त्यांनी लांब, खिडक्यांच्या उलट दिशेला नेली. मोहिनीताईने दोन वेळा तपासले. ती म्हणाली, "आबा, याचा धूर डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही मारतो. गाडी उभी कराल तेव्हा वारा कुठून येतोय ते आधी पाहा. आणि याला कधी आत घेऊ नका, पाऊस असला तरी." आबांनी मान डोलावली. एक छोटा प्राणवायूचा सिलिंडरही तिने बळेच आत ठेवला. तो दीड तास पुरला असता. आणखी असेही ठरले की, मुक्काम नेहमी नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत करायचा आणि तिथली वीज वापरायची. मी फक्त दिवसा, वाटेवर.

मोहिनीताईला सुट्टी नव्हती. तिने दोघांना निरोप दिला. ते जळगावातल्या मेहरूणच्या आपल्या घरी सामान भरायला गेले.

आणि तिथेच चूक झाली.

त्या आठवड्यात जळगावचे ऊन पंचेचाळीसवर गेले. मेहरूण तलावाचा काठ तडकला होता. केळीची पाने बागेत उभी करपत होती. कुंदाबाईंना घरातही घाम फुटे आणि धाप लागे. आबांना ते पाहवेना. गाडीत कूलरने काय होणार, असे त्यांना वाटले. त्यांनी मोहिनीताईला न सांगता पाऊण टनाचा एसी गाडीत बसवून घेतला. बसवणाऱ्याने सकाळच्या गार वेळी, दुसरे काहीही चालू नसताना माझ्यावर तो लावून दाखवला. मी तो ओढला. खरे सांगतो, मला धाप लागली होती, पण ओढला. आबा खूश झाले. माझ्या झाकणावर हात ठेवून ते म्हणाले, "पाह्य, कुंदा! याच्यात दम हाये."

मला गिरधरभाऊंची थाप आठवली. मी घाबरलो.

आम्ही निघालो. कुंदाबाईंच्या माहेरच्या घाटावर गाडी पहिल्यांदा थांबली. त्यांनी खिडकीतूनच पाण्याला हात जोडले. पहिले दोन दिवस आबांनी एसी फारसा लावला नाही, सकाळी गार असतानाच गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी आम्ही मुडावदला पोचलो. तिथे पांझरा नदी तापीला मिळते. संगमाजवळ एका कडुनिंबाखाली आबांनी गाडी उभी केली. दुपारचे दोन वाजले होते. वारा भट्टीतून आल्यासारखा होता. आबांनी मला सुरू केले. प्राणवायूचे यंत्र लागले. फ्रिज लागला. कूलरने आतली हवा दमट होत होती, म्हणून आबांनी एसीचे बटण दाबले.

काही मिनिटे सगळे ठीक चालले. कुंदाबाई म्हणाल्या, "किती बरं वाटते!" आबा हसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान मी कधी पाहिले नव्हते.

मग एसी आपोआप थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायला गेला. नेमका त्याच वेळी फ्रिजही जागा झाला. दोघांनी एकदम झटका मारला. माझा श्वास अडकला. दिवा मंदावला. प्राणवायूचे यंत्र टिट्‌-टिट्‌ असे ओरडू लागले, आणि ओझे जास्त झाले की आपोआप पडणारा माझा खटका पडला. सगळे गप्प झाले.

आबा धावत मागे आले. त्यांनी खटका वर केला, पण एसीचे बटण तसेच राहू दिले. त्यांना वाटत होते, या उन्हात तिला गारवा मिळालाच पाहिजे. खटका पुन्हा पडला. त्यांनी पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा मी इंजिनासकट बंद पडलो. मग ते माझी दोरी ओढू लागले. एकदा, दोनदा, दहादा. घाईत त्यांनी चोक ओढलेलाच ठेवला होता. माझ्या घशात पेट्रोल भरले आणि मला ठिणगी पेटवता येईना.

मित्रांनो, चौतीस वर्षे घाटातून गाडी काढणारा तो माणूस साधा चोक आत ढकलायला विसरला होता. मला चालायचे होते. त्या क्षणी मला जेवढे चालायचे होते, तेवढे कधीच नव्हते. पण इच्छेने इंजिन चालत नाही.

आतून कुंदाबाईंचा आवाज आला, "अहो..." पुढचा शब्द आला नाही.

आबा आत गेले. त्यांनी सिलिंडरची नळी कुंदाबाईंच्या नाकाला लावली आणि सिलिंडर उघडला. मग मोहिनीताईला फोन केला. ती वर्गात होती. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मला सगळे ऐकू येत होते.

"आबा, शांत व्हा. काय काय चालू होतं?"

"यंत्र, फ्रिज..." आबा थांबले. "एसी."

"एसी कोणी बसवला?"

आबांनी कुंदाबाईंच्या नाकावरची नळी नीट केली. मग मोहिनीताई म्हणाली, "ते नंतर. आधी सगळी बटणं बंद करा. एकूण एक. एसीची वायर उपटून ठेवा. चोक आत ढकला. आता दहा मिनिटं दोरीला हात लावू नका. त्याला कोरडं होऊ द्या."

"दहा मिनिटं? मोहिनी, तुही आई..."

"आईजवळ सिलिंडर आहे. आबा, दहा मिनिटं. घड्याळ लावा."

ती दहा मिनिटे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब मिनिटे होती. आबा कुंदाबाईंजवळ बसले होते. एका हाताने वारा घालत होते आणि दुसऱ्या हातातले घड्याळ पाहत होते. नदीवर एक माणूस म्हशी पाण्यात घालत होता. बाकी सगळीकडे शांत होते. सिलिंडरच्या काट्याकडे आबांनी तीन वेळा पाहिले.

"माफ कर," ते शेवटी म्हणाले. "मले वाटलं, तुले गार वाटीन."

कुंदाबाईंनी डोळे उघडले. एकेक शब्द करत त्या बोलल्या. "मले... गार हवा नको. मले... हवाच पायजे."

दहा मिनिटे झाली. आबा मागे आले. त्यांनी एकदा माझ्या पट्टीवरचा आकडा वाचला. बोटाने पुसून वाचला. मग दोरी ओढली. मी खोकलो. दुसऱ्यांदा ओढली आणि मी पेटलो. माझ्यावर काहीही जोडलेले नव्हते, मी रिकामा चालत होतो. आबांनी मला दोन मिनिटे तसेच चालू दिले. मग फक्त प्राणवायूचे यंत्र लावले. त्याने एक लांब श्वास घेतला. मग पंखा. मग बऱ्याच वेळाने कूलर. फ्रिज त्यांनी त्या दिवशी लावलाच नाही. दूध नासले तर नासू दे, म्हणाले.

त्यांनी टॉवेल ओले करून खिडक्यांना बांधले. तासाभराने कुंदाबाईंच्या ओठांचा रंग परत आला.

संध्याकाळी मोहिनीताई झुलालभाऊंना घेऊन मुडावदला आली. मला वाटले, आता ही मंडळी परत फिरणार. मोहिनीताई वडिलांवर रागावली नाही. ती आधी आईजवळ जाऊन बसली. झुलालभाऊंनी एसी उतरवला आणि जीपमध्ये टाकला. माझे झाकण उघडून तार तपासली. "जळनं नई," ते म्हणाले. "येळवर थांबना बिचारा."

"परत चला घरी," मोहिनीताई म्हणाली.

आबा मान खाली घालून म्हणाले, "चला."

"मी नाही येत," कुंदाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. "चुकलं ते सापडलं ना? मंग चुकीपासून पुढं जायचं. मांगं काऊन?"

मोहिनीताईने रजा टाकली आणि ती गाडीत बसली. पुढच्या प्रवासात माझ्यावर काय लावायचे आणि कधी लावायचे, ते आबा स्वतः ठरवत. एक वस्तू चालू करण्याआधी ते दुसरी बंद करत. प्रकाशा या गावी गोमाई नदी तापीला मिळते ते कुंदाबाईंनी पाहिले. उकाईचे धरण पाहिले. एवढे पाणी एका जागी उभे राहिलेले पाहून त्यांनी पुन्हा हात जोडले. सहाव्या दिवशी, ऊन कलल्यावर आम्ही सुरतेच्या पलीकडे, डुमसच्या किनाऱ्याकडे नदीच्या मुखाशी पोचलो.

पाणी गढूळ होते. काठावर काळा चिखल होता. भरतीची वेळ होती आणि समुद्राचे पाणी नदीत शिरत होते. कुंदाबाई खिडकीतून पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आबांना हाक मारली.

"अहो, याले थोडं थांबवा. मले समुद्र ऐकायचा हाये."

मोहिनीताईने घड्याळाकडे पाहिले. डॉक्टरांनी यंत्रावाचून वीस मिनिटे राहायला परवानगी दिली होती. आबांनी मला बंद केले.

मित्रांनो, चालू असताना मला माझ्या आवाजापलीकडे फारसे काही ऐकू येत नाही. त्या वीस मिनिटांत मी पहिल्यांदा एवढे मोठे पाणी ऐकले. आणि ती दोघे काय बोलली तेही ऐकले. ते फार काही नव्हते.

"नदी मांगं सरू राह्यली," कुंदाबाई म्हणाल्या.

"भरती हाये. मंग जाईन परत पुढं."

"म्हनजे ती एकदम सरत नाही. मांगं-पुढं करते." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मले वाटलं व्हतं, तठी एक रेघ असन. इकडं नदी, तिकडं समुद्र."

"नाही. रेघ नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मग आबांनी मला सुरू केले. मी कित्येक लग्नांत वाजलो, गाजलो, कौतुक ऐकले. पण मला विचाराल तर माझ्या कामाचा सर्वांत मोठा मान मला त्या वीस मिनिटांत मिळाला, कारण मला निश्चिंतपणे थांबवले गेले. पुन्हा दोरी ओढली की मी चालेन, असा त्या तिघांना विश्वास होता.

कुंदाबाई श्रावणात गेल्या. जळगावच्या घरी, मोहिनीताईच्या मांडीवर. त्या दिवशी वीज होती. माझे काम पडले नाही.

त्यानंतर घरगाडी मेहरूणच्या घरामागे उभी राहिली. आबा तिच्याकडे पाहत नसत. माझ्या टाकीत जुने पेट्रोल तसेच राहिले. त्याची चिकट राळ झाली आणि ती माझ्या नळीत बसली. जाळीत कुंभारमाशीने घर केले. मला त्याचा राग आला नाही. ज्या हातांनी मला सांभाळायचे, ते हातच रिकामे झाले होते.

वर्ष होत आले तेव्हा मोहिनीताई सुट्टीत आली. तिने मला बाहेर काढले, जुने पेट्रोल ओतून टाकले, कार्बोरेटर उघडून साफ केला. आबा पायरीवर बसून पाहत होते. मी सुरू झालो तेव्हा ते उठले, घरात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्यांचे डोळे लाल होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पंधरा दिवसांतून एकदा थोडा वेळ चालवायला सुरुवात केली. ते काम न सांगता त्यांनी अंगावर घेतले.

याच सुमारास पाचोऱ्याकडच्या पुनमताई त्यांच्याकडे आल्या. त्यांचे सासरे योगराज नाना जळगावच्या दवाखान्यात होते. छातीचाच आजार. नाना घरी न्या म्हणत होते, पण खेड्यात वीज दिवसातून कितीदा तरी जाई. पुनमताईंना कोणीतरी घरगाडीबद्दल सांगितले होते, म्हणून त्या मला मागायला आल्या होत्या.

आबांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि विचारले, "याच्यावर काय काय लावणार, बाई?"

"नानांचं यंत्र, पंखा, एक दिवा," पुनमताई म्हणाल्या. जरा घुटमळून पुढे म्हणाल्या, "आणि घरघंटी चालली असती तर बरं झालं असतं. दळण बाहेर न्यावं लागतं."

"घरघंटी नाही," आबा म्हणाले. आवाज मऊ होता, पण त्यात वाकणे नव्हते. "दळण वीज आल्यावर. कबूल असन तर न्या."

पुनमताईंनी मान डोलावली. आबांनी आणि रिक्षावाल्याने मिळून मला उचलले. रिक्षा सुरू झाली तेव्हा आबा रस्त्यावर उभे होते. त्यांनी हात हलवला नाही. फक्त रिक्षाची धुराची नळी कोणत्या बाजूला आहे, ते वाकून पाहिले.

तेव्हापासून मी इथे आहे. योगराज नाना अंगणातल्या बाजेवर बसतात, माझा आवाज ऐकत डुलकी घेतात. गेल्या महिन्यात या घरी साखरपुडा होता. पाहुणे भरले होते आणि ऐन समारंभात वीज गेली. नानांच्या यंत्रासाठी मला सुरू केले. नवऱ्या मुलाचे मामा रोषणाईची वायर आणि मोठा भोंगा घेऊन माझ्याकडे आले. "एवढ्याशानं काय व्हतं! पाहुणे अंधारात बसले शेतस," ते म्हणाले.

पुनमताई पंगतीत वाढत होत्या. हातातले भांडे खाली ठेवून त्या आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सगळे पाहुणे पाहत होते. त्यांच्या घरचा कार्यक्रम होता, समोर व्याही मंडळी होती.

"नाही, मामा," त्या म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. कोणीतरी कुजबुजले. पुनमताई तिथून हलल्या नाहीत. पाहुण्यांनी बत्तीच्या उजेडात जेवण केले. आतल्या खोलीत नानांचे यंत्र एकसारखे चालू राहिले.

मित्रांनो, माझ्यात तेल घाला, माझी जाळी साफ ठेवा, माझा धूर दारा-खिडक्यांपासून दूर ठेवा, हे सगळे मी तुम्हांला सांगणारच होतो. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. यंत्राला नाही म्हणता येत नाही. ते आधी कण्हते, मग बंद पडते, आणि तेच त्याचे नाही म्हणणे असते. तोवर कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो. म्हणून आमच्या अंगावरचा आकडा वाचा, आणि वेळ आली की आमच्या वतीने तुम्ही नाही म्हणा.